उताऱ्यावरचं नाव, यादीतलं नाव

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत खानदेशातल्या चारपैकी तीन जागांवर बाया निवडून आल्या. रावेरमधून रक्षा खडसे, जळगावातून स्मिता वाघ, धुळ्यातून शोभा बच्छाव. यातली एकही जागा महिलांसाठी राखीव नव्हती. त्यावर आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी होतात. एक म्हणतो, झालं की, आता आरक्षण कशाला? दुसरा म्हणतो, नाव बाईचं असलं तरी मागे घराणं आणि पक्षच. दोन्ही बोलणी शंभर वर्षं जुनी आहेत.

डिसेंबर १९१७मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्डना भेटलं. मताधिकाराचे नियम ठरवताना स्त्रियांचीही गणना प्रजेत करा, अशी मागणी होती. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या मुंबईतल्या खास अधिवेशनात सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडला, पण मत मिळालं म्हणून बाई पुरुषाच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमीही दिली. ही हमी आज काहींना खटकते. मला ती धूर्तपणाची वाटते; समोर बसलेल्यांकडून ठराव पास करून घ्यायचा होता. तरी मताधिकाराचे नियम ठरवणाऱ्या सरकारी साउथबरो समितीने समाज अजून तयार नाही म्हणत नकार दिला. हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. शेवटी १९१९च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर ढकलला. १९२१मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने बाईला मतदार केलं.

म्हणजे कागदावर १९२१पासून पूर्व आणि पश्चिम खानदेशातल्या बाईला मत होतं. पण कोणत्या बाईला? शेतसारा, घर, प्राप्तिकर या अटी पुरुषांसारख्याच तिलाही होत्या, आणि उताऱ्यावर तिचं नाव कुठे होतं? कपाशीच्या पैशाने भरलेल्या घरातही जमीन सासऱ्याच्या, नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या नावावर. खातं बाईच्या नावावर चढायचं ते बहुधा नवरा गेल्यावर, आणि तेही पोटी मुलगा नसला तर. म्हणजे जिला हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, तीच मतदार होण्याची शक्यता जास्त, आणि सवाष्ण बाहेर!

१९३५च्या कायद्याने दार थोडं रुंदावलं. मतदार पुरुषाची बायको असणं किंवा लिहिता-वाचता येणं, यावरही मत मिळू लागलं. देशभरात सुमारे ६० लाख स्त्रिया यादीत आल्या. वाद मात्र इथेच पेटला. राधाबाई सुब्बरायन म्हणत होत्या, राखीव जागा घ्या, त्याशिवाय आत शिरता येणार नाही. अखिल भारतीय महिला परिषदेला राखीव जागाही नको होत्या आणि नवऱ्याच्या जमिनीवरचं मतही नको होतं. सरसकट प्रौढ मताधिकार द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. तत्त्व सुंदर, पण ते मांडणाऱ्या बहुतेक शिकलेल्या, शहरी, सुस्थितीतल्या होत्या, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. मात्र प्रौढ मताधिकाराची मागणी त्यांच्या एकटीची नव्हती. १९२८मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे तीच मांडली होती, आणि डिसेंबर १९३६मध्ये आपल्या फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, प्रौढ मताने निवडलेल्या घटना समितीचा ठराव झाला. कपाशी आणि केळीच्या मुलखात बसून सगळ्यांना मत मागितलं गेलं, हे आपण फार क्वचित सांगतो.

साक्षरतेच्या अटीत काय दडलं होतं, हे कळायला जळगावच्या बाहेर जायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने आणि नातेवाइकांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. कायद्याच्या त्या दारातून त्यांना प्रवेश नव्हता. ना जमीन, ना शाळा, काहीच न विचारता मत देणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक मुंबई राज्यात जानेवारी १९५२मध्ये झाली; बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या.

त्या निवडणुकीत देशात सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडलं. पण आपण हसायला नको. आपल्याकडेही कितीतरी बाया गावभर अमक्याची माय म्हणूनच ओळखल्या जातात. ‘भारतात मत आयतं मिळालं’ असं म्हणणाऱ्यांनी ही ३५ वर्षं एकदा ओळीने मांडून बघावीत.

१९६२मध्ये प्रतिभा पाटील जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून (आताचं मुक्ताईनगर) सलग निवडून येत राहिल्या, आणि २००७मध्ये राष्ट्रपती झाल्या. घटना समितीत रेणुका रे यांनी राखीव जागांना विरोध केला होता, तो मानणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसं वाटतं. एका बाईवरून सगळ्या जिल्ह्याचा हिशेब मांडणं मला पटत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही जळगाव जिल्ह्यातच आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या वाऱ्यात विटनेरला पूर्ण बायांची ग्रामपंचायत आली, आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावातल्या शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. जे १९२१मध्ये मतासाठी हवं होतं ते उताऱ्यावरचं नाव इथे मतामागून आलं. पंचायतींत बायांना एक तृतीयांश जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती त्यानंतरची, १९९३ची. महाराष्ट्राने २०११मध्ये हा वाटा निम्म्यावर नेला. तेव्हापासून गावोगावी ‘सरपंचबाईंचे मालक’ ग्रामसभेत खुर्ची ओढून बसतात, आणि पारावरून कुणीतरी म्हणतंच, ‘बायास्ले काय समजस त्यामा?’ काही ठिकाणी हे खरंही असतं. काही ठिकाणी दुसऱ्या टर्मला मालक बाहेर थांबतात आणि सही करण्याआधी बाई ठराव वाचून घेते.

लोकसभा आणि विधानसभेतला एक तृतीयांश वाटा २०२३च्या घटनादुरुस्तीने कबूल केला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला.