नवी पिल्लं, जुन्या कोंबड्या

परसातल्या जुन्या कोंबड्यांमध्ये नवी पिल्लं सोडली की काही मिनिटांतच गोंधळ सुरू होतो. एखादी कोंबडी मान ताणते, मानेवरची पिसं फुलवते आणि थेट पिल्लाच्या डोक्यावर चोच मारते. पिल्लू पळालं तर बहुतेक वेळा तिथेच भागतं. पळायला जागा नसेल तर मात्र बाकीच्याही धावून येतात. बघणाऱ्याला हा निव्वळ दुष्टपणा वाटतो. खरं तर हा मानपानाचा मामला आहे.

तो पहिल्यांदा नीट मांडला नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने. लहान वयापासून कोंबड्या न्याहाळणाऱ्या या माणसाचा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कळपात कोणी कोणाला टोचायचं हे ठरलेलं असतं, असं त्याने दाखवलं. वरची टोचते, खालची निमूट बाजूला होते. एकदा हे ठरलं की रोजची भांडणं मिटतात, नुसत्या नजरेवर काम भागतं. नव्या पक्ष्याला या क्रमात जागाच नसते, म्हणून प्रत्येकीला त्याच्याशी नव्याने निकाल लावावा लागतो.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते मुख्यतः चेहऱ्यावरून आणि तुऱ्यावरून. तुऱ्याचं रूप बदललं तर सोबतची कोंबडीसुद्धा परकी ठरू शकते. दोन-तीन आठवडे कळपाबाहेर राहून परतलेलीचंही तेच होतं. म्हणूनच मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो तो जाळीचा. खुराड्यात किंवा अंगणात मधे तारेची जाळी लावावी आणि पिल्लांना पलीकडे ठेवावं. दिसावं, ऐकू यावं, पण चोच पोचू नये. असे एक-दोन आठवडे गेले की जाळीपलीकडच्या पिल्लांचं नवल ओसरतं. रात्री अंधारात गुपचूप दांडीवर नेऊन बसवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. अंधारात कोंबड्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते हे खरं. पण सकाळी उजाडतंच. जाळीची ओळख आधी झाली असेल तरच या युक्तीला अर्थ आहे.

घाई करू नये याला आणखीही कारणं आहेत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. पुरती पिसं यायला सहाएक आठवडे जातात. तेव्हाही ते मोठ्या कोंबडीपुढे चिमुकलंच असतं, त्यामुळे दहा-बारा आठवड्यांपर्यंत थांबलेलं बरं. अपवाद एकच: खुडूक कोंबडीने स्वतः उबवलेली पिल्लं. त्यांच्या वाटेला जाणाऱ्याची गाठ त्यांच्या आईशी असते.

चोचीहून मोठा धोका विष्ठेतून येतो. मोठ्या कोंबड्या रक्ती हगवणीच्या परजीवींना सरावलेल्या असतात. स्वतः धडधाकट दिसतात, पण विष्ठेतून परजीवी बाहेर टाकत राहतात. ओल्या, उबदार जमिनीवर ते फोफावतात आणि पिल्लू सुस्त होऊन पंख पाडून बसतं. जमीन कोरडी ठेवणं हा निम्मा इलाज. कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या मरेक रोगाचा विषाणू तर पिसांच्या धुळीतून पसरतो. त्याची लस सहसा अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच टोचतात.

खाद्याकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ४ टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला १ टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडांना इजा करतं. सगळ्यांना वाढीचं खाद्य घालावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी देणाऱ्या कोंबड्या तो गरजेपुरता खातात.

जाळी काढताना पिल्लू एकटं सोडू नये, निदान दोन तरी हवीत, म्हणजे सगळा मारा एकावर येत नाही. दाणापाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावी, एकमेकांच्या नजरेआड. फक्त पिल्लं शिरतील एवढ्या फटीची एखादी आडोशाची जागा असावी. थोडीफार टोचाटोची चालू द्यावी, दर वेळी मधे पडलात तर निकाल लांबतो. पण रक्त दिसलं की त्या पिल्लाला लगेच उचलायचं, कारण लाल डाग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत सुटतात.

पुढे साधारण पाच महिन्यांच्या सुमारास तलंगा, म्हणजे या पिल्लांतल्या वयात आलेल्या माद्या, अंड्यावर येतात. तुरे लालभडक होतात आणि आजवर मुकाट बाजूला होणाऱ्या या तलंगा दाण्याच्या भांड्यापाशी अडून उभ्या राहतात. मग दोन-चार दिवस पुन्हा पिसं उडतात.