एनएमएमएस आणि ‘दुर्बल घटक’ या शब्दाचा घोळ

एनएमएमएस म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप, गरीब पण हुशार मुलांची देशपातळीवरची शिष्यवृत्ती. अशा मुलांना शिकवायचे प्रयत्न आपल्याकडे जुने. शाहू महाराजांची कोल्हापूरची वसतिगृहं, कर्मवीरांची साताऱ्याची कमवा-शिका हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. चौथी-सातवीची स्कॉलरशिप परीक्षा १९५४-५५ पासूनची, आणि त्यातल्या ग्रामीण मेरिटवर पुढे विद्यानिकेतनला नंबर लागायचा. म्हणजे हुशार पोरगं हुडकायचं आणि उचलून निवासी शाळेत ठेवायचं. नवोदयही तसंच, पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत. पण तिथे उत्पन्नाची अट नाही, गाव आणि मार्क बघतात.

गरिबी आणि हुशारी दोन्ही एकत्र मोजणारी देशपातळीवरची योजना आली २००८ मध्ये, एनएमएमएस. आठवीत परीक्षा, बुद्धिमत्तेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, देशभरात वर्षाला १ लाख मुलं, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. नववी ते बारावी पैसे मिळतात, आधी वर्षाला ६ हजार होते, २०१७ पासून १२ हजार. पोरगं शाळा सोडू नये एवढाच हेतू. शिकवणी वगैरे योजनेत कुठेच नाही, ती गावोगावचे मास्तर सकाळचे जादा तास घेऊन आपली आपण करतात आणि निकालाचा फ्लेक्स मात्र शाळेचा लागतो.

आता मुख्य घोळ. मराठीत योजनेचं नाव पडलं ‘आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती’. २००८ ला त्याचा अर्थ सरळ होता, ज्याच्या घरात पैसा कमी तो, जात कुठलीही असो. मग २०१२-१३ पासून आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचे, खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के प्रवेश सुरू झाले, तिथेही ‘दुर्बल व वंचित घटक’, त्यातल्या दुर्बलला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख. आणि २०१९ ला १० टक्के आरक्षण आलं, तेही ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’, पण ते फक्त ज्यांना दुसरं आरक्षण नाही त्यांना आणि मर्यादा थेट ८ लाख! शब्द तोच, माणसं तीन वेगळी. त्यामुळे एससी-ओबीसी पालक म्हणतात ही परीक्षा ओपनवाल्यांची दिसते, आणि ओपनवाले ईडब्ल्यूएसचा, म्हणजे त्या १० टक्क्यांचा, दाखला काढून आणतात, जो इथे चालतच नाही, इथे तहसीलचा साधा उत्पन्नाचा दाखला लागतो.

त्याहून वाईट म्हणजे विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देताच येत नाही, फक्त सरकारी, झेडपी-पालिका आणि अनुदानित. आरटीईतून पहिलीत गेलेली पहिली तुकडी २०१९-२० ला आठवीत पोचली. सरकारनेच ‘दुर्बल घटक’ म्हणून इंग्लिश मीडियमला पाठवलेलं पोरगं, आणि दुर्बल घटकाच्या परीक्षेला ते अपात्र. शाळा खाजगी म्हणजे घर श्रीमंत असं २००८ ला धरलं असेल तर तेव्हा एकवेळ पटलं असतं, नंतर कुणीतरी बदलायला हवं होतं ना.

उत्पन्नाची मर्यादा तर २००८ पासून दीड लाखावरच अडकून होती, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. एका कमावत्या माणसाचा साधा पगार दाखल्यावर आला की पोरगं बाद. शेवटी २०२२ मध्ये ती साडेतीन लाख झाली. मधल्या वर्षांत किती मास्तरांनी पालकांना ‘दाखला जरा बघून काढा’ असं सांगितलं असेल ते गावात सगळ्यांना माहितीये.

कोट्यात न बसलेल्या पण पास झालेल्या मराठा-कुणबी मुलांना राज्याच्या एका संस्थेकडून वर्षाला ९६०० मिळायला लागले, हे अलीकडचं. आणि नंबर लागला म्हणून बारावीपर्यंत निश्चिंत असंही नाही, दहावीला ६० टक्के लागतात (एससी-एसटीला ५५) आणि दरवर्षी पोर्टलवर रिन्यूअल. अकरावीला कॉलेज बदललं, रिन्यूअल राहिलं, आधारवरच्या नावात एक काना जास्त निघाला, की पैसे लटकले.

२०१६-१७ ला राज्याची स्कॉलरशिप पाचवी-आठवीला सरकवली तेव्हापासून आठवीच्या मुलांना डिसेंबरच्या आसपास एनएमएमएस आणि फेब्रुवारीत स्कॉलरशिप अशा दोन परीक्षा यायच्या, तयारी बरीचशी एकच. २०२५ मध्ये स्कॉलरशिप परत चौथी-सातवीला न्यायचं ठरलं. म्हणजे सातवीला स्कॉलरशिप देऊन हात बसलेली मुलं आठवीत एनएमएमएसला बसतील, जादा तासवाल्या मास्तरांना हे आवडलंय.