स्टेशनबाहेरचं गुलाबी पिल्लू कोंबडाच का निघतं?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, बाजारपेठेच्या तोंडाशी, कधीकधी एखादा माणूस पाटीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं घेऊन बसलेला दिसतो. पोरं हट्टाला पेटतात आणि चहा-वडापावच्या पैशात सौदा होतो. आमच्या भाच्याने असंच एक गुलाबी पिल्लू घरी आणलं. घोडबंदर रोडच्या चौदाव्या मजल्यावर ते कसंबसं आठवडाभर राहिलं, मग त्याची रवानगी घणसोली गावठाणात आत्याच्या खुराड्यात झाली. आत्याने ते हातात घेतलं न घेतलं तोच म्हणाली, "कोंबडा हाय." तिने तुरा पाहिला नव्हता की पंख. रंगवलेली पिल्लं कोंबडेच निघतात, एवढा तिचा अनुभव. तो बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि त्याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या जपानात आहे.

गावठाणाच्या अंगणात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. कोंबडी खुडूक झाली की तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसवायचं, 21 दिवसांनी पिल्लं निघायची, घार-मुंगूस-मांजरातून जगतील ती आपली. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा लाल होऊन वर येतो, पाय जाड दिसतात, दोन नर समोरासमोर मान फुगवून उभे राहतात. तोवर थांबायला खर्च काय? पिल्लं उकिरड्यावर आणि सांडलेल्या भातावर वाढत. तलंग, म्हणजे वयात येणारी कोवळी कोंबडी, अंड्यांसाठी राखायची, कोंबडा पाहुण्याला, नवसाला किंवा गटारीला. किंबहुना गावठी कोंबड्याचा भाव कोंबडीपेक्षा चढाच.

उत्सुकता मात्र फार जुनी. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते. त्यानंतर काही शतकांनी रोमचा शेतीलेखक कोल्युमेला नेमकं उलट सांगतो: कोंबडे हवे असतील तर सर्वांत लांब आणि टोकदार अंडी निवडून बसवा. आत्याची सासू कोल्युमेलाच्या पक्षाची होती. चूक दोघांचीही, कारण अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो आणि आतल्या जिवाच्या लिंगाशी त्याचा संबंध नसतो. लिंग त्याआधीच ठरलेलं असतं. पक्ष्यांत माणसाच्या उलटा प्रकार: नराकडे दोन सारखी गुणसूत्रं, मादीकडे दोन वेगळी. म्हणजे निकाल कोंबडीच्या बीजात लागतो, कोंबड्याकडे नाही. (सुनेला बोल लावणाऱ्या सासवांना कोंबड्यांच्या जगात निदान शास्त्राचा आधार मिळाला असता.)

प्रश्न खरा पेटला तो विसाव्या शतकात, उबवणी यंत्रं आली आणि पिल्लं हजारांनी विकली जाऊ लागली तेव्हा. अंड्यांचा धंदा करणारा शेतकरी शंभर पिल्लं विकत घ्यायचा, त्यातले पन्नास नर विकतचं खाद्य खात तुरा दिसेपर्यंत पोसायचा. हे नुकसान थांबवायची वाट टोकियोत सापडली. कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो या संशोधकांनी 1920 च्या दशकात दाखवलं की एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलक्या हाताने उघडलं तर नरात टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक उंचवटा दिसतो. 1927 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही माहिती बाहेरच्या जगापुढे आली. 1930 च्या दशकात जपानचे तरबेज कारागीर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोप इथल्या हॅचऱ्यांत (उबवणी केंद्रांत) पिल्लं निवडायला जाऊ लागले.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पिल्लू डाव्या हातात धरायचं, अंगठ्याने दाबून विष्ठा काढायची, प्रखर दिव्याखाली क्षणभर बघायचं आणि त्याला या किंवा त्या खोक्यात टाकायचं. बऱ्याच माद्यांतही बारीकसा उंचवटा असतोच, म्हणून नवशिका तिथेच फसतो. शिवाय दिवस-दीड दिवस उलटला की फरक पुसट होतो. मुरलेला माणूस मात्र तासाला हजाराच्या आसपास पिल्लं हातावेगळी करतो आणि शंभरात दोन-चारच चुकतो. कशावरून ओळखलं, हे त्याला अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. मानसशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची मंडळी "माहीत आहे पण सांगता येत नाही" या प्रकाराचं उदाहरण म्हणून त्याला नेहमी पुढे करतात. मला यात गूढ काही वाटत नाही. पापलेट ताजं आहे की बर्फातलं हे दिवाळे गावची कोळीण लांबून सांगते. ती तरी कुठे कारणं देत बसते?

डोळ्यांवर भिस्त नको म्हणून दुसरी वाट इंग्लंडात निघाली. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पिसांचे काही रंग लिंगाशी जोडलेले असतात याचा उपयोग करायचं ठरवलं. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, खाणारे नर पहिल्याच दिवशी वेगळे काढता आले तर दाणा वाचेल, हा त्यामागचा हिशेब. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी यांच्या पिल्लांत नर फिकट पिवळसर आणि माद्या तांबूस निघतात. पुढे 1930 च्या आसपास पनेट आणि मायकेल पीझ यांनी कॅम्बार ही जात तयार केली. तिच्यात संकर न करताही दर पिढीत पिल्लाच्या रंगावरून नर-मादी कळतात.

पंख उलगडून बघायची रीतही याच घरातली. पिसं हळू फुटण्याचा गुण लिंगाशी जोडलेला असतो. तो आईत असेल आणि बाप लवकर पिसं फुटणारा असेल, तर पहिल्या दिवशी मादीची पंखपिसं वरच्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात आणि नराची सारखी किंवा आखूड. पण आई-बाप असे मुद्दाम जुळवलेले असतील तरच! मोबाइलवर व्हिडिओ बघून गावठी पिल्लांचे पंख ताणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. गावठी पिल्लात त्या खुणेला काही अर्थ नसतो.

या सगळ्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट घडत गेली, आणि गुलाबी पिल्लाचा जन्म तिच्यातला. अंड्यांची कोंबडी आणि मांसाची कोंबडी अशा दोन वेगळ्या वंशावळी झाल्या. आपण ज्याला "बॉयलर" म्हणतो तो ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जातो. लेअर, म्हणजे अंड्यांची कोंबडी, अंगाने हडकुळी, तिचं सगळं खाणं अंड्यांत जातं. तिचा भाऊ अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही. आपल्याकडे 1970 नंतर लेअरचा धंदा संघटित झाला, पुण्यात 1971 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज उभी राहिली, 1982 मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती आली. तसतसे हे बिनकामाचे नरही वाढले. जगभर दरवर्षी अशी काही अब्ज नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जी कवडीमोलाने बाहेर पडतात, त्यातली काही रंगाच्या पाण्यातून निघून पाटीत येतात.

निवडीचा खर्च नेमका कुणाच्या माथी, हे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या कोंबडीपालन योजनेतही दिसतं. एक दिवसाची 100 पिल्लं घेतली तर नर-मादी नशिबावर, म्हणजे नर ओळखू येईपर्यंत पोसायचा खर्च घेणाऱ्याचा. 8 ते 10 आठवड्यांच्या तलंगा घेतल्या तर हिशेब स्वच्छ: 25 माद्या, 3 नर.

जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग तपासतात. एका पद्धतीत नवव्या दिवशी कवचाला सूक्ष्म भोक पाडून थेंबभर द्रव काढतात आणि त्यात मादीचा हार्मोन शोधतात. अशा अंड्यांपासून वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी 2018 मध्ये बर्लिनच्या दुकानांत पहिल्यांदा विकायला आली.

घणसोलीचा गुलाबी दीड महिन्यात पांढराशुभ्र झाला आणि पहाटे चारला आरवायला लागला. गटारी आली तशी आत्याने त्याला उचलून छातीचं हाड चाचपलं. "याच्या अंगाला मास धरत नाय," म्हणाली, आणि परत सोडून दिला. त्या रविवारी दुकानातून बॉयलरच आणला.