नगर प्रशासनातील नागरिकसंवाद

नगर प्रशासन आणि शहरातील रहिवासी यांच्यातील दुतर्फी देवाणघेवाण. सेवांची माहिती वेळेवर पोचवणे, तक्रारींची दाद घेणे आणि निर्णयाआधी लोकांचे मत घेणे, अशी तिची तीन अंगे आहेत. बहुतेक शहरांत ही तिन्ही कामे जनसंपर्क विभागाच्या गळ्यात पडतात. त्या विभागाच्या हाती मात्र ना पाण्याची व्हॉल्व्ह असते, ना अंदाजपत्रक. त्यामुळे उत्तरे गोड मिळतात आणि काम जागेवरच राहते.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची नुसती समजूत काढणे आणि वरच्या टोकाला लोकांच्या हाती नियंत्रण, अशी तिची रचना आहे. माहिती देणे ही तिसरी पायरी, मत विचारणे ही चौथी. मत विचारले म्हणजे सहभाग झाला, असे या शिडीनुसार म्हणता येत नाही.

सूचना : ‘तांत्रिक कारणास्तव काही भागांत पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता आहे’ या वाक्यातून घरात पाणी भरून ठेवायचे की नाही हे कळत नाही. उपयोगी सूचनेत रस्त्यांची व वस्त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे (झोन क्रमांक फक्त खात्याला माहीत असतात), पाणी बंद होण्याची व परत येण्याची तारीख-वेळ, एका ओळीत कारण, पर्यायी सोय आणि चौकशीचा क्रमांक असतो. पाणी आल्यावर सुरुवातीला दाब कमी राहील किंवा ते गढूळ येईल, हेही आधीच सांगावे. म्हणजे त्या दिवशीच्या बऱ्याच चौकश्या टळतात. काम लांबले तर जाहीर केलेली वेळ उलटण्याआधी नवी वेळ कळवायची. जुन्या सूचना मोबाइलवर पुन्हा फिरत राहतात, म्हणून तारीख वर्षासह मजकुरातच, आणि चित्र असेल तर चित्रावरच, छापावी. मोबाइल नसलेल्यांसाठी ध्वनिक्षेपकाची गाडी आणि जिन्यातला कागद यांना अजून पर्याय नाही.

तक्रारी : अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये तातडीच्या नसलेल्या कॉलसाठी ३११ हा क्रमांक सुरू केला, न्यूयॉर्कने २००३ पासून शहराच्या सर्व सेवा त्याच क्रमांकावर आणल्या. खड्डा कोणत्या खात्याचा हे नागरिकाने शोधायचे नाही, ही त्यामागची कल्पना. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, जबाबदार अधिकारी आणि मुदत लागते. एकाच खड्ड्याच्या दहा तक्रारी एकत्र जोडाव्यात, मात्र उत्तर दहाही जणांना जावे.

व्यवस्था बिघडते ती बहुधा ‘निकाली’ या शेऱ्यावर. मुदतीचा दट्ट्या बसला की तक्रार दुसऱ्या खात्याकडे ढकलली तरी, किंवा नुसती पाहणी झाली तरी ती बंद दाखवली जाते. म्हणून बंद करताना कामानंतरचे छायाचित्र हवे आणि तक्रारदाराला ती पुन्हा उघडण्याची मुभा हवी. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालणारे ‘फिक्स माय स्ट्रीट’ हे संकेतस्थळ तक्रार सर्वांना दिसेल अशी नकाशावर ठेवते आणि चार आठवड्यांनी काम झाले का, हे तक्रारदारालाच विचारते. प्रश्न साधा आहे, पण कार्यालयाने स्वतःला दिलेल्या गुणांवर तो थेट बोट ठेवतो.

मत घेणे : हरकती-सूचना मागवण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. निविदा निघाल्यावर घेतलेली सभा म्हणजे निव्वळ उपचार. काय बदलू शकते, काय ठरून गेले आहे आणि किती पैसा आहे, हे सभेआधीच लेखी द्यावे. सभा एकदा संध्याकाळी व एकदा सुटीच्या दिवशी ठेवावी. ध्वनिक्षेपक हाती आला की नेहमीचे चार-पाच जणच बोलतात. आठ-दहा जणांच्या गटांत नकाशा पसरून चर्चा केली, तर गप्प बसणारेही बोट ठेवून दाखवतात. तरीही जे येतात ते सगळ्या शहराचे प्रतिनिधी नसतात. मोठ्या प्रश्नासाठी वय, लिंग, वस्ती यांचे प्रमाण राखून चिठ्ठ्यांनी निवडलेला नागरिकगट नेमणे आणि त्यांना बुडालेल्या रोजाचा मोबदला देणे हा उपाय आहे. नंतर सूचना, निर्णय आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता प्रसिद्ध करावा. फेटाळलेल्या सूचनेचे कारण छापायला प्रशासन कचरते; पुढच्या सभेला लोक येतात की नाही, हे बहुतांशी त्या रकान्यावर ठरते.

सहभागी अंदाजपत्रक : ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे १९८९ मध्ये याची सुरुवात झाली. शहराच्या विभागांत सभा घेऊन कामांचा अग्रक्रम लोकच ठरवत आणि त्यांचे प्रतिनिधी तो अंदाजपत्रकापर्यंत नेत. ही पद्धत पुढे जगभर पसरली, पण अनेक ठिकाणी लोकांनी ठरवायची रक्कम नाममात्र ठेवली गेली. मंजूर कामे वर्षभरात सुरू झाली नाहीत, तर कामे निवडण्यासाठी होणारे लोकांचे मतदान ओसरते.

ऑनलाइन मंचांची अडचण वेगळी असते. स्पेनमधील माद्रिदने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मंचावर प्रस्ताव मतदानाला जाण्यासाठी पात्र रहिवाशांपैकी १ टक्क्याचा पाठिंबा लागत असे. हजारो प्रस्तावांत पाठिंबा विखुरला आणि मोजकेच प्रस्ताव तो उंबरठा ओलांडू शकले. सारखे प्रस्ताव एकत्र करायला माणूस नेमणे आणि पाठिंब्याची अट आवाक्यात ठेवणे, ही कामे संगणकप्रणाली विकत घेण्याआधीची आहेत.

मोजमाप : सभेची उपस्थिती आणि समाजमाध्यमांवरील अनुयायी मोजणे सोपे, पण त्यातून फारसे काही कळत नाही. पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे प्रमाण, कारणासह उत्तर मिळालेल्या सूचना आणि तक्रार सुटायला वस्तीनिहाय लागलेला वेळ पाहावा. वेळेची सरासरी फसवी असते : एका दिवसात बदललेले शेकडो दिवे, वर्षभर तुंबलेले एक गटार त्या आकड्यात सहज झाकून टाकतात.