तिशी पूर्ण झाली? आरोग्य उपकेंद्रातल्या मोफत तपासणीसाठी काय करायचं

आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या की आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "माले काय व्हयनं?" बीपी आणि साखर दोन्ही काही दुखत-खुपत नसतानाच वाढत जातात. म्हणून ही तपासणी आजारी माणसासाठी नाही, धडधाकट माणसासाठी आहे.

पात्रता एवढीच की वय ३० किंवा त्याहून जास्त हवं. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही, आणि तपासणी मोफत आहे. बीपी आणि साखर दरवर्षी, तर तोंडाच्या कर्करोगाची तपासणी पाच वर्षांतून एकदा होते. बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही असते.

सोबत आधार कार्ड आणि चालू मोबाईल ठेवा. त्यावरून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींचा क्रमांक, तिथेच काढून देतात. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या नक्की न्या. आधार सापडत नाही म्हणून घरी बसू नका, तपासणी आभाविनाही होते.

सुरुवात होते ती सीबॅक नावाच्या फॉर्मने. तो आशाताई घरी येऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं अंगमेहनत होते का आणि घरात आई-वडील-भावंडांना बीपी, साखर, हृदयविकार आहे का, यावर धोक्याचे गुण पडतात. समजा, केळीच्या बागेत राबणारा ४५ वर्षांचा माणूस आहे. वयाचे २, रोजच्या तंबाखूचे २, कंबर ९५ सेंटिमीटर म्हणून १, आईला साखर म्हणून २. मेहनत पुरेशी म्हणून तिचा गुण शून्य, तरी बेरीज ७ झाली. ४ च्या वर गेलेल्यांना आधी बोलावतात. कमी गुण आले तरी तिशीपुढच्या प्रत्येकाने जायचंच आहे.

इथेच लोक लपवतात. मिसरी लावणारी आजी "मी तंबाखू खात नाही" म्हणते आणि तिचे दोन गुण कमी पडतात. मिसरी ही तंबाखूच आहे, ती सांगा. कंबर मोजताना टेप परकराच्या नाडीवरून फिरवू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून, पोट न आवळता मोजायचं. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या पुढे गुण लागतात. फॉर्ममध्ये पुढे लक्षणंही विचारतात. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यातलं एकही असेल तर गुणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवतात. लाजेपोटी "नाही" म्हणू नका.

तपासणीला उपाशी जायची गरज नाही, बोटातून थेंबभर रक्त घेतात. मात्र आधीचा अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. बीपीचा पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. साखर १४० किंवा बीपी १४०/९० च्या वर निघालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथे डॉक्टरांनी निदान पक्कं केलं की पुढची औषधं महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातून मिळतात.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आहाराबद्दल बोलतील तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही सोबत बसवा. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ पुरे. त्यातच शेव, बिबड्या, लोणचं आणि ठेच्यातलं मीठही धरायचं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठात दळतानाच मीठ पडतं, तेही विसरू नका. भाकरी सोडायला कोणी सांगत नाही.

नंदुरबार-धुळ्याहून दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच तपासणी उरकावी. गोळ्या चालू असतील तर आशाताईंना जाण्याची तारीख सांगा, जास्तीच्या गोळ्या मिळतील का ते विचारा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.