तारेचे दागिने

तारेचे दागिने : धातूची तार हाताने वळवून, पिळून, गुंडाळून आणि तिच्यात मणी किंवा खडे पकडून केलेले दागिने. यांत डाख दिलेला नसतो, साचा वापरलेला नसतो, भट्टीही लागत नाही. सांधा टिकतो तो तारेच्या वेढ्यांवर आणि तिच्या ताठपणावर. दोन-तीन पकडी, एक कटर आणि चांगला उजेड एवढ्यावर घरच्या टेबलाशी हे काम होते. त्यामुळे पुण्यात घरबसल्या दागिने करून विकणाऱ्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, त्याचा प्रसार झाला आहे.

हा प्रकार छंदवर्गांतून नव्याने आला, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. मोत्यांची महाराष्ट्रीय नथ हा मुळात तारकामाचाच दागिना आहे : सांगाडा सोन्याच्या तारेचा, मोती त्याहून बारीक तारेत ओवून सांगाड्याला पीळ देऊन बांधलेले, आणि नाकातून जाते तीही तारच. मोत्याच्या कुडीतही मोती असेच तारेने एकत्र बांधतात. पटवेकर सोन्याचे मणी रेशमात गाठवतो, नथ करणारा कारागीर मोती तारेत गाठवतो. दोघांचे कौशल्य सांधा दिसू न देण्यात असते. म्हणून नथीची पारख समोरून करू नये. ती उलटी धरावी. तारेचे टोक कुठे संपले हे बोटाला लागले नाही, तर काम चांगले. आजच्या कोणत्याही तारकामाला हीच कसोटी लावावी.

मण्यांचा इतिहास या परिसरात याहून कितीतरी मागे जातो. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्यात घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली आणि मातीच्या मण्यांबरोबर अकीकासारख्या (ॲगेट) दगडांचे मणीही मिळाले. अकीकाची कठिनता १ ते १० च्या मोहस् मापनावर ६.५ ते ७, म्हणजे पोलादी चाकूलाही न जुमानणारी. अशा दगडाला धातूची आधुनिक हत्यारे नसताना आरपार छिद्र पाडणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते. आज अकीकाचे मणी गुजरातेतील खंबातचे, पैलू पाडलेले खडे बहुधा जयपूरचे आणि काचमणी फिरोजाबादकडचे असतात.

तार निवडताना धातू, जाडी आणि मऊपणा या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. शिकण्यासाठी तांबे उत्तम. ते स्वस्त आहे, सहज वळते आणि चुकलेले वळण एकदोनदा सोडवूही देते. मात्र प्रत्येक वाकवण्याबरोबर ते ताठ होत जाते आणि शेवटी त्याच जागी तुटते. ताठ झालेले तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ पडते. उलट, कानातल्याचा हूक मुद्दाम ताठ करायचा असेल तर तो नायलॉनच्या हातोडीने ठोकतात; तार चपटी न होता कडक होते. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार सरावाला चालते. तिच्यावरच्या इनॅमलच्या पातळ थरामुळे ती काळी पडत नाही, पण ती तापवता येत नाही आणि ठोकल्यास थर उडतो.

जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथेच नवशिक्यांची फसगत होते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे लवकर कळते. पण ब्रिटिश आणि अमेरिकन गेज वेगवेगळे आहेत हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. २० गेज तार ब्रिटिश मापाने ०.९१ मिमी असते, अमेरिकन मापाने ०.८१ मिमी. २६ गेजला हेच आकडे ०.४६ आणि ०.४० मिमी असे होतात. परदेशी कृतीत २६ गेज लिहिलेले असते, इथे तार ब्रिटिश मापाची मिळते आणि मोत्याच्या बारीक वेजातून ती जात नाही. तार मिलिमीटरमध्ये मागावी, किंवा मणीच दुकानात घेऊन जावा. ढोबळमानाने हूक आणि कड्यांना ०.८ ते १ मिमी, मणी जोडायला ०.५ ते ०.७ मिमी आणि मोती बांधायला ०.३ ते ०.४ मिमी तार लागते.

सगळ्या कामाचा पाया म्हणजे लूप, तारेच्या टोकाला केलेली गोल कडी. हेडपिन (एका टोकाला चपटे डोके असलेली तार) मण्यातून घालून वर आलेली तार मण्याच्या लगत काटकोनात वाकवतात, ८ ते १० मिमी ठेवून कापतात आणि गोल नाकाच्या पकडीत टोक धरून मनगट फिरवत बंद करतात. हा साधा लूप ओढला तर उघडतो. वजनदार खड्यासाठी तीन-चार सेंटिमीटर शेपूट ठेवून लूपखाली दोन-तीन वेढे देतात. हा गुंडाळलेला लूप पक्का. जंप रिंग (भाग एकमेकांना जोडणारी तारेची छोटी उघडी कडी) उघडताना टोके बाजूला फाकवायची नसतात, एक पुढे आणि एक मागे न्यायचे असते, नाहीतर गोलाई कायमची जाते. छिद्र नसलेल्या खड्याला तारेचा पिंजरा करतात : तीन-चार चौकोनी तारा शेजारी ठेवून अर्धगोल तारेने बांधायच्या, खड्याच्या कडेभोवती वळवायच्या आणि काही तारा पुढे, काही मागे ओढून त्याला कोंदणासारखे धरायचे.

हा पिंजरा पुण्याला विशेष उपयोगी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतील पोकळ्यांत इथे स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट या खनिजांचे सुंदर स्फटिक वाढले आहेत, आणि वाघोलीच्या खाणींतील निळा कॅव्हन्साइट खनिजसंग्राहकांमध्ये जगभर ओळखला जातो. पण ही खनिजे मऊ आहेत. कॅव्हन्साइटची कठिनता ३ ते ४ एवढीच आहे, अपोफिलाइट एका दिशेने सहज चिरफळतो. छिद्र पाडणे त्यांना सोसत नाही. तारेत सैलसर धरून लोलक करता येतो. अंगठीत ती कधीही घालू नयेत.

मणी, हूक, साखळ्या असे सुटे सामान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात मिळते. वाइंडिंगची तार बुधवार पेठेतील इलेक्ट्रिकच्या दुकानांत वजनावर मिळते. तुळशीबागेत तयार माल असतो. पितळी तार आणि काचमोत्यांची दाबाची नथ तिथे पाहून बांधणी शिकता येते.

तांबे घामाने काळवंडते आणि त्वचेवर हिरवट डाग पाडते. तो धुतला की जातो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसून तांबे, जस्त व निकेल असते, आणि निकेलने काहींच्या कानाला खाज व पुरळ येते. विकणाऱ्याने हे आधी सांगितलेच पाहिजे. अशा ग्राहकासाठी हूक चांदीचा करावा, ९२.५ टक्के चांदीची तार दागिन्यांसाठी पुरेशी ताठ असते. पावसाळ्यात दागिने हवाबंद पिशवीत ठेवावेत. नुसती तांब्याची तार चिंचेने लखलखते, पण मोती, पोवळे आणि मॅलाकाइट हा हिरवा खडा यांना आम्ल खाऊन टाकते. असे खडे असलेला दागिना रिठ्याच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा.