निधीचा स्रोत : परदेशस्थ भारतीयांची मायदेशातील घरखरेदी

घर, दुकान किंवा भूखंड घेताना दिलेली रक्कम कोठे कमावली, कोणत्या खात्यातून निघाली आणि विक्रेत्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, हे कागदोपत्री दाखवून देणे म्हणजे निधीचा स्रोत सिद्ध करणे. बोलण्यात याला ‘सोर्स दाखवणे’ म्हणतात. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) हा पुरावा तिघांपुढे ठेवावा लागतो. परकीय चलन कायदा पाहतो तो पैशाची वाट. आयकर खात्याला हवे असते ते पैसा कोणाचा आणि कशातून आलेला, हे. बँक दोन्ही विचारते, आणि पुढे घर विकून पैसे बाहेर न्यायचे झाले की पुन्हा विचारते. असा पुरावा शोधायला निघण्याची वेळ बहुधा मागणी आल्यावर येते. खरे तर तो पैसे पाठवण्याच्या दिवशीच तयार होतो किंवा कायमचा हुकतो.

महाराष्ट्राला या विषयाची झळ इतरांपेक्षा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या वैयक्तिक रकमांपैकी २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आल्या. केरळचा वाटा १९.७ टक्के होता.

खरेदीचा मूळ नियम छोटा आहे. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, १ जून २००० पासून लागू झाला. त्याखालच्या २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक घर किंवा व्यापारी गाळा कोणाच्याही खास परवानगीशिवाय घेऊ शकतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र त्यांना विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेती ठेवता येते. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागणे आणि शेजारचे दोन एकर विकत घेणे यांत कायद्याने मोठे अंतर आहे, आणि गावाकडे ते फारसे कोणी समजावून सांगत नाही. पैसे देण्याचे मार्गही ठरलेले आहेत : परदेशातून बँकेमार्फत थेट आलेली रक्कम, किंवा एनआरई, एनआरओ वा एफसीएनआर (परकीय चलनातील मुदत ठेव) या अनिवासींसाठीच्या खात्यांतली शिल्लक. डॉलरच्या नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक देऊन व्यवहार करता येत नाही. नियम मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

यांपैकी एनआरई खात्याचा उतारा सर्वांत बोलका. या खात्यात मुख्यतः परदेशातून आलेलाच पैसा जमा होतो, म्हणून उताऱ्यावरची नोंद स्रोताची अर्धी गोष्ट स्वतःच सांगते. एनआरओ खात्यात भारतातले भाडे, निवृत्तिवेतन, व्याज, जुनी बचत असे सगळे मिसळते. तिथे प्रत्येक मोठ्या जमेमागे वेगळा कागद लागतो. सर्वांत जास्त आढळणारी चूक याच्याही आधीची आहे. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने माणूस अनिवासी होतो आणि त्याचे साधे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यावे लागते. प्रत्यक्षात कॉलेजच्या दिवसांत उघडलेले खाते तसेच चालू राहते, त्यातच पगाराचे पैसे येतात आणि त्यातूनच बिल्डरला चेक जातो. पैसा कष्टाचा असतो, पण कागद सांगतो की हा व्यवहार भारतात राहणाऱ्या माणसाने केला.

आयकर खात्याला खरेदी कळते ती दुय्यम निबंधक कार्यालयातून. ठरावीक मर्यादेहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदणीची माहिती आयकर खात्याकडे जाते आणि पॅनवर चढते. भारतात करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र कधी भरलेच नाही, अशा माणसाच्या पॅनवर अचानक ऐंशी लाखांचा फ्लॅट दिसला की नोटीस येणे स्वाभाविक. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ६९ नुसार, खुलासा न झालेली गुंतवणूक त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते. २०२५ च्या नव्या कायद्याने ही कल्पना दुसऱ्या क्रमांकाखाली कायम ठेवली आहे. उत्तर अवघड नसते. अनिवासी व्यक्तीने परदेशात कमावलेले आणि तिथेच मिळालेले उत्पन्न भारतात करपात्र नाही. मात्र ती व्यक्ती त्या वर्षी अनिवासी होती, पैसा त्याच कमाईचा होता आणि तोच या घरात गेला, या तिन्ही गोष्टी दाखवण्याची जबाबदारी खरेदीदाराची. पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, नियुक्तिपत्र, पगारपत्रके, परदेशी बँकेचा उतारा आणि भारतातील बँकेने दिलेला परकीय रक्कम आल्याचा दाखला, एवढी साखळी जुळली की प्रश्न मिटतो.

अमेरिकेतल्या माणसाकडे दरवर्षीचे करविवरण असते, इंग्लंडमधल्याकडे नियोक्त्याने दिलेला पी-६०, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, असतो. आखातातल्या कामगाराकडे असा कागद नसतो, कारण तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. त्याची कमाई सिद्ध होते ती कामाच्या करारावरून, निवास परवान्यावरून आणि पगार खात्यात जमा झाल्याच्या नोंदींवरून. संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून पगार बँकिंग व्यवस्थेतून देण्याची पद्धत सुरू झाली, तिचा इथे मोठा आधार मिळतो. एक्स्चेंज हाऊसच्या, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या पेढ्यांच्या, पावत्याही जपायला हव्यात. मात्र तिथून घरखर्चासाठी झटपट पाठवलेल्या पैशांवर घर उभे करणे धोक्याचे. मनी ट्रान्सफर योजनेत एका वेळी २,५०० डॉलर आणि एका लाभार्थ्याला वर्षात ३० व्यवहार अशी मर्यादा आहे, आणि ती योजना कुटुंबाच्या निर्वाहासाठी आहे, मालमत्ता खरेदीसाठी नाही.

जहाजावर काम करणाऱ्यांचा, गोव्यातल्या तारवट्यांचा आणि कोकणातल्या खलाशांचा, प्रश्न आणखी निराळा. ते कोणत्याच परदेशात राहत नाहीत. त्यांचे अनिवासीपण सीडीसी पुस्तिकेवरच्या (खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीतल्या) चढल्या-उतरल्याच्या नोंदींवरून मोजतात. पगार थेट भारतातल्या एनआरई खात्यात येतो म्हणून तो भारतात मिळालेले उत्पन्न ठरवला जाई. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की परदेशी जाणाऱ्या जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून भारतात करपात्र होत नाही. हे परिपत्रक आणि सीडीसीच्या प्रती तारवट्याच्या घराच्या फायलीत असायलाच हव्यात.

जुन्या पिढीची अडचण समजून घेण्यासारखी आहे. १९७० च्या दशकापासून रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली माणसे आखातात गेली तेव्हा फेमाच्या आधीचा, परकीय चलनावर कडक निर्बंध घालणारा १९७३ चा फेरा कायदा होता, बँका दूर होत्या आणि सरकारी दर बाजारापेक्षा कमी होता. हवाल्याचा माणूस घरपोच रक्कम देई. त्या पैशाने पोरांची शिक्षणे झाली, चिऱ्याची घरे उभी राहिली, पण कागद काहीच उरला नाही. आज तशा घराच्या विक्रीतून आलेल्या रकमेवर नवे घर घेताना निदान विक्रीचे नोंदणीकृत खरेदीखत आणि त्यावर भरलेला कर हाच स्रोत म्हणून पुढे करावा लागतो.

माग सर्वांत जास्त तुटतो तो घरातल्या घरात. मुलगा पैसे वडिलांच्या खात्यावर पाठवतो, वडील त्यात आपली ठेव मोडून भर घालतात, आणि बयाणा काकांच्या चेकने जातो. यात कोणाचीही लबाडी नसते, पण कायद्यापुढे हे तिघांचे पैसे असतात. वडिलांनी दिलेली रक्कम बक्षीस असेल तर बक्षीसपत्र करावे आणि त्यांच्या ठेवीचा उतारा सोबत लावावा. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या बक्षिसावर आयकर लागत नाही. आईच्या एकटीच्या नावाने घर घ्यायचे, पैसा मात्र मुलाचा आणि हक्कही मुलाचाच, ही मांडणी अधिक नाजूक. १९८८ च्या आणि २०१६ मध्ये कडक केलेल्या बेनामी कायद्यात पती-पत्नी व मुलांच्या नावाने ज्ञात स्रोतातून केलेल्या खरेदीला सूट आहे. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत ती सूट मिळायला कागदावर दोघांची नावे संयुक्त मालक म्हणून असावी लागतात. पैसा आईला मनापासून देऊन टाकला आणि तिने स्वतःसाठी घर घेतले, तर ते घर तिचेच, आणि त्यात गैर काही नाही.

विक्रेता काही रक्कम रोख मागतो, तेव्हा परदेशस्थाचे नुकसान इतरांपेक्षा दुप्पट होते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, हे एक. दुसरे विक्रीच्या वेळी कळते. परकीय चलनातून किंवा एनआरई-एफसीएनआर खात्यातून घेतलेले घर विकले, तर खरेदीत त्या वाटेने दिलेली रक्कम बाहेर नेता येते, आणि राहत्या घरांच्या बाबतीत ही सोय दोन घरांपुरतीच आहे. बाकीची रक्कम एनआरओ खात्यातून, कर भरून, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत जाते. करारात न आलेली रोख या हिशेबात कुठेच दिसत नाही. उलट खरेदीची किंमत कमी नोंदलेली असल्यामुळे नफा फुगतो आणि त्यावर करही जास्त बसतो. वीस वर्षांनी न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या बँकेत ती रक्कम पोहोचली की तिथला अधिकारीही विचारतो, ही आली कुठून. तेव्हा दाखवायचे कागद तेच असतात : विक्रीचे खत, मूळ खरेदीखत, आणि त्या खरेदीच्या महिन्याचा बँकेचा उतारा.